दिवाकर, तुझी अर्धी सोडलेली गणितं

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या मेहुण्यानं माईकवरून माझं नाव घेतलं, 'सरांच्या सहकारी देशकर मॅडम आता बोलतील' असं सांगितलं, आणि मी खुर्चीवरून उठलेच नाही. वंदना झाली होती, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, मनीषनगरचं ते सभागृह भरलं होतं आणि मागे आपले विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवून नाही म्हटलं आणि खाली बघत बसले. तू असतास तर कानाशी येऊन म्हणाला असतास, काहून वं, एरवी तर थांबत नाही. खरंच आहे. मला गप्प बसवणं तुला उभ्या नोकरीत जमलं नाही, ते त्या दिवशी जमलं.

माझ्या जागी बाकीचे बोलले. तू शांत होतास, मनमिळाऊ होतास, कुणाला कधी दुखावलं नाहीस, असं एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं. मी ऐकत होते आणि मला राग येत होता. तू मनमिळाऊ नव्हतास, दिवाकर. तू भयंकर हट्टी होतास. फक्त हट्ट हसून करायचास, म्हणून लोकांच्या लक्षात यायचं नाही. गणित विभागाच्या त्या एका टेबलाच्या दोन बाजूंना आपण इतकी वर्षं बसलो. तुझा हट्ट मी समोरून पाहिला आहे. त्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून आता मी लिहिते आहे.

टाळेबंदीत सगळ्यांनाच फोनवरून शिकवावं लागलं. मीही शिकवलं. त्या चौकोनांकडे बघून बोलताना मला विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. तू मात्र बायकोचं, पुष्पाचं, स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस. ओट्यावर डाळींचे दोन डबे, त्यांच्यावर आडवी पट्टी, पट्टीवर फोन उलटा टेकवलेला, आणि खाली घर बांधताना उरलेली पांढरी फरशी. तिच्यावर मार्करनं गणित करायचं आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. चित्रात फक्त तुझा हात दिसायचा. चेहरा काहून दाखवत नाही, असं मुलांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास की चेहऱ्याले डेटा जास्त लागते. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, तू थांबायचास, शिट्टी संपली की त्याच पायरीवरून पुढे जायचास. पुष्पा सांगत होती की तिनं त्या काळात भाजी फोडणीला टाकली तीही तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे.

कॉलेज सुरू झालं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फळा आला, खडू आला, समोर माणसं आली. तू फळ्यावर आलास, पण फरशी सोडली नाहीस. दर रविवारी एक छोटा व्हिडिओ, मुद्दाम कमी दर्जाचा, म्हणजे काटोलकडच्या गावातल्या पोरीलाही तो फोनवर उतरवता येईल. भाषाही तुझी. पुस्तक इंग्रजी, चिन्हं ग्रीक, आणि बोलणं घरचं. 'आता हा एक्स इकडून उठून तिकडं काहून गेला? त्याले तिकडं काय काम होतं?' असं तू विचारायचास आणि मग त्याचं काम सांगायचास. मी म्हणायचे, अरे, विद्यापीठाच्या परीक्षेत असं लिहून कसं चालेल. तू म्हणायचास की लिहायचं तसं लिहतीन, आधी समजू तर दे.

पण माझं खरं भांडण भाषेशी नव्हतं. भांडण होतं ते तू व्हिडिओ अर्धवट सोडायचास त्याच्याशी. उदाहरण घ्यायचं, रंगात आणायचं, अगदी शेवटाच्या तोंडाशी आणायचं, आणि मार्करचं टोपण लावून म्हणायचं, 'बाकीचं वर्गात.' संपलं. मला हे आळशीपणाचं वाटायचं. पाच मिनिटं जास्त लागली तर काय बिघडतं तुझं, असं मी तोंडावर विचारलंही. स्वयंपाक करून ताट वाढायचं आणि भात द्यायचा नाही, ही कुठली रीत. तू ऐकून घेतलंस, चहा संपवलास आणि म्हणालास, "पूर्ण दिलं तर पोट्टे वर्गात काहून येतीन? त्यायले माह्यं तोंड पाहाची हौस आहे का?"

त्यावर मी जे म्हटलं ते तुला आठवत असेल, कारण तेच वाक्य मी पुढं शंभर वेळा म्हटलं. मी म्हटलं, मुलांचं सोड, उद्या हे कॉलेजच तुझी रेकॉर्डिंग भिंतीवर लावेल आणि माणूस नेमणार नाही. आपण आपल्याच हातानं आपली जागा फोनमध्ये भरून ठेवतो आहोत. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, लावू दे ना. एवढंच. तुझं हे 'लावू दे ना' मला फार झोंबायचं. मला वाटायचं, या माणसाला समजतच नाही की आपण कशाशी खेळतो आहोत.

आणि तुझा तो रविवारचा प्रश्न. व्हिडिओखाली एक प्रश्न, चार उत्तरं, मुलांनी फोनवरच एकावर बोट ठेवायचं. एक उत्तर बरोबर, तीन चुकीची, आणि ती तीन तू मनानं रचायचा नाहीस. आधीच्या वर्षांच्या मुलांनी खरोखर केलेल्या चुका तू जपून ठेवायचास आणि नव्या मुलांपुढे मांडायचास. सोमवारी वर्गात जाण्याआधी तू फोन उघडून बघायचास की कोण कुठल्या चुकीत अडकलं आहे, आणि सगळा तास फक्त तेवढ्यावर घ्यायचास. मी म्हणायचे, मला हे चेहरे बघून कळतं, त्यासाठी फोन कशाला. तू म्हणालास, "तोंडं खोटं बोलतात वं. तुह्या धाकानं सगळे मान हालवतात."

मी चिडले आणि म्हटलं, ठीक आहे, माझ्या वर्गाला विचार. माझ्या वर्गात त्याच आठवड्यात तोच भाग शिकवून झाला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तू प्रश्न टाकलास. दुसऱ्या दिवशी फोन माझ्यापुढे ठेवलास. वर्गातल्या बहुतेकांनी एकच चुकीचं उत्तर निवडलं होतं. मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. तू हसला नाहीस, ही तुझी सभ्यता. उलट फोन माझ्याकडे सरकवून म्हणालास की हे पाहा, चूक सगळ्यांची एकच आहे, म्हणजे पोट्टे ढ नाहीत, रस्त्यात एकच खड्डा आहे आणि तो तुला आता माहीत झाला. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण दुसऱ्याच तासाला जाऊन मी तो खड्डा बुजवला. तुला सांगितलं नाही. मुलांनी तुला सांगितलं असणार, कारण पाचव्या दिवशी तू माझ्यासाठी तर्री पोहे बांधून आणलेस आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीस. तरीही मी सांगते, चेहऱ्यावरूनही कळतं. सगळं नाही कळत, एवढं मी आता मान्य करते.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता आणि व्हिडिओ टाकलेला होता. सोमवारी सकाळी कॉलेजला निघताना, बूट घालता घालता तू खाली बसलास, असं पुष्पानं सांगितलं. मला फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. तुझा तास सुरू व्हायचा होता. तृतीय वर्षाची मुलं वर्गात येऊन बसली होती. मी त्यांना सांगायला गेले. दारातून पाहिलं तर सगळ्यांच्या वह्या उघड्या, तू अर्धं सोडलेलं गणित काहींनी शेवटापर्यंत नेलेलं, आणि दोघं 'तुझं बरोबर की माझं' यावर भांडत होते. त्यांना वाटलं, मी सरांचा निरोप घेऊन आले, सरांना उशीर होणार आहे. मला ते सांगायला किती वेळ लागला, मला आठवत नाही. त्या वह्या कुणी लगेच मिटल्या नाहीत, तेवढं आठवतं.

मग पंधरवड्यानं प्राचार्यांनी विभागाची बैठक बोलावली. तुझ्या जागेचं काय, हा विषय. जागा भरायला वरून मंजुरी लागते आणि ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. तासिका तत्त्वावर कुणी घ्यायचं तर त्याचीही प्रक्रिया. परीक्षा तर डोक्यावर. आणि तेव्हा प्राचार्य म्हणाले, अगदी मनापासून, त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, "मेश्राम सरांचं सगळं रेकॉर्डेड आहेच ना. तेच स्मार्ट बोर्डवर लावू. सरांना श्रद्धांजलीही होईल."

दिवाकर, मी जिंकले होते. ज्या वाक्यावर तू इतकी वर्षं 'लावू दे ना' म्हणालास ते माझ्यापुढे टेबलावर येऊन पडलं होतं, तेही तुझ्या श्रद्धांजलीच्या कागदात गुंडाळून. तृतीय वर्षाची ती सगळी मुलं परीक्षेपर्यंत अंधार केलेल्या खोलीत तुझा हात बघत बसणार होती आणि शंका आली तर विचारायला समोर कुणीच नसणार होतं. मी असं जिंकायला नको होतं. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी डस्टर फेकून मारलं असतं. सांगितलं होतं मी तुला, असं मी मनात म्हणत राहिले, आणि ऐकायला तू नव्हतास.

प्राचार्यांनी नमुना म्हणून तिथंच एक व्हिडिओ लावायला सांगितला. पडद्यावर तुझी पांढरी फरशी आली, तुझा हात आला, अंगठ्याजवळचा तो शाईचा डाग आला. तुझा आवाज खोलीत भरला. तू उदाहरण घेतलंस, रंगात आणलंस, शेवटाच्या तोंडाशी आणलंस, टोपण लावलंस आणि म्हणालास, बाकीचं वर्गात. पडदा काळा. प्राचार्य थांबले. म्हणाले, पुढचा भाग लावा. पुढचा भाग नाही, असं व्हिडिओ लावणारा म्हणाला. दुसरा व्हिडिओ लावला. तोही तिथंच थांबला. तिसरा मधूनच सुरू केला आणि शेवटाला नेला. बाकीचं वर्गात. मग प्राचार्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, पूर्ण कुठे आहेत हे.

आणि मला हसू आलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि नको त्या ठिकाणी. मला ते आवरेना. मी सांगितलं, सर, पूर्ण नाहीतच. सगळे असेच आहेत. त्यांनी ते मुद्दाम असेच ठेवले आहेत, शेवटी वर्गात कुणीतरी उभं राहावं लागतं. मग प्राचार्य म्हणाले, म्हणजे माणूस लागणारच. मी म्हटलं, मंजुरी येईपर्यंत मी घेते.

तेव्हापासून एकच गोष्ट मी सारखी मनात घोळवते आहे. तू व्हिडिओ अर्धे सोडायचास ते फक्त मुलांनी वर्गात यावं म्हणून, की माझं ते शंभरदा म्हटलेलं वाक्य तू ऐकत होतास म्हणून? लावू दे ना, असं तू म्हणायचास तेव्हा लावून काही उपयोग होणार नाही हे तुला माहीत होतं का? मी विचारलं नाही, कारण तू ऐकतो आहेस असं मला कधी वाटलंच नाही. आता मला असं वाटू लागलं आहे की आपण इतकी वर्षं एकाच बाजूनं भांडत होतो. पण हे माझं म्हणणं. तू असतास तर यावरही वाद घातला असतास.

माईकवर मला एकच सांगायचं होतं, ते इथं सांगते. तू माझ्यापेक्षा चांगला शिक्षक होतास. मला विषय तुझ्याहून जास्त येतो, हे तुलाही मान्य होतं. पण माझ्या वर्गात ज्यांना कळायचं त्यांनाच कळायचं. तुझ्या वर्गात ज्याला कळलं नाही तो तुला आधी माहीत असायचा, त्याचं नाव, त्याची चूक, त्याच्या गावाला जाणारी शेवटची बस, सगळं. फोन तू त्याच्यासाठी धरला होतास. मी फोनकडे बघत राहिले.

तुझा वर्ग घेणं सोपं गेलं नाही. मी पायऱ्या गाळते, मुलं म्हणतात सर गाळत नव्हते. मी इंग्रजीत बोलायला लागले की मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते. तरी आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो आहोत. रोज तुझा एकेक व्हिडिओ ती घरून बघून येतात आणि उरलेलं आम्ही फळ्यावर करतो. मग संत्र्याचा तोडा, बागांतली काढणी, सुरू झाला आणि काटोलकडची बाकं रिकामी झाली. शीतल नावाची ती मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही पण तुझ्या प्रश्नांना नेहमी पहिलं उत्तर द्यायची, तिचा आवाजी निरोप आला. मागे क्रेट आपटल्याचे आवाज होते. "मॅडम, आम्ही तोड्यावर आहोन. घरून एवढ्यात सोडणार नाहीत. सरांचे व्हिडिओ संपत आले. तुम्ही करून टाका ना."

मी, दिवाकर. मी व्हिडिओ करायचा.

पुष्पानं ती फरशी दिली, फडक्यात गुंडाळून. दुपारी तास संपल्यावर मी रिकाम्या वर्गात टेबलावर पुस्तकं रचली, त्यांच्यावर फोन ठेवला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर कुणी नाही तर बोलायचं कुणाशी. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. मग मला आपली एमएस्सी आठवली. विद्यापीठात सर इंग्रजीतून भराभर सांगून निघून जायचे आणि तू ग्रंथालयाच्या व्हरांड्यात माझ्यापुढे वही घेऊन बसायचास. मी घरच्या भाषेत सांगायचे, तू म्हणायचास, पुन्हा सांग, या पायरीपासून. मी चिडायचे आणि पुन्हा सांगायचे. तुला ते आलं नाही असं मानून मी पुन्हा तुला सांगायला बसले, आणि बोलणं सुरू झालं. एकही पायरी गाळली नाही. शेवटाच्या अलीकडे थांबले. न ऐकताच मुलांच्या ग्रुपवर पाठवून दिलं, कारण ऐकलं असतं तर पुसून टाकलं असतं.

महाल वस्तीतल्या माझ्या घरी चहा ठेवून मी ते लावलं तेव्हा कळलं. अगदी अवघड पायरीनंतर माझा आवाज स्पष्ट विचारतो आहे, "आलं का लक्षात, दिवाकर?"

काढून टाकावं म्हणून ग्रुप उघडला तर बहुतेकांनी पाहिलेलं होतं. एका मुलानं खाली लिहिलं होतं, मॅडम, दिवाकर कोण, आपल्या वर्गात तर कोणी नाही. त्याच्याखाली शीतलनं लिहिलं होतं, सरांचं नाव आहे ते.

मी फोन हातात धरून बसले होते, चहा उतू गेला. मग एकानं उरलेली पायरी करून वहीचा फोटो टाकला. मग दुसऱ्यानं. मग बागेतून शीतलनं, क्रेटवर वही ठेवून काढलेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाची उत्तरं आली, दिवाकर. तुझं तेवढं राहिलं आहे.